ठमीचं दुसरं इंजेक्शन

आमचे हे लोकांना गाडी चालवायला शिकवतात. म्हणजे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि ओरडणं यांच्याकडे. घरातही तोच खाक्या.

ठमीला, म्हणजे आमच्या मांजरीला, मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना इन्सुलिन द्यायला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ आधी तिला जेवू घालायचं, मग मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई टोचायची. बाटली हलवायची नाही, तळहातांत हलकेच फिरवायची. हे मान डोलवत होते. घरी आल्यावर यांनी बाटली खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवली, सुई स्वतःच्याच अंगठ्यात घुसवली आणि वर निकाल दिला, "मांजर एका जागी बसत नाही." ठमी तेव्हा बशीत तोंड घालून निवांत जेवत होती.

तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं. यांच्याकडे उरलं गावभर सांगणं, "आम्ही घरीच इंजेक्शन देतो." आम्ही म्हणे! गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.

एका रविवारी संध्याकाळी वन्सं आल्या. मी नेहमीप्रमाणे ठमीला खायला घालून इंजेक्शन दिलं आणि आंघोळीला गेले. बाहेर येते तर वन्सं मोबाइल धरून कौतुकाने सांगायला लागल्या, "वहिनी, दादाचा हात किती हलका हो! ठमीला कळलंसुद्धा नाही."

"कसला हात?"

"इंजेक्शन दिलं ना त्याने. मी व्हिडिओ काढलाय."

"अहो, मी दिलं होतं की मघाशीच!"

"मग सांगायचं नाही का?" हे माझ्यावरच उखडले.

विचारायला यांची जीभ झडली होती? पण भांडायला वेळ नव्हता. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "खात असेल तर पुन्हा खायला घाला आणि ताबडतोब इकडे आणा," त्या म्हणाल्या. "मध बरोबर ठेवा. साखर उतरून लुळी पडली तर हिरड्यांना चोळा."

ठमीने बशीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

रस्त्यात गाड्या तुंबलेल्या. जन्मभर दुसऱ्यांना क्लच शिकवणाऱ्या या माणसाने चौकाचौकात गाडी बंद पाडली. निम्म्या वाटेत ठमीची मान माझ्या हातावर कलंडली. डोळे उघडे, पण मी तिला दिसत नव्हते. मी बोटावर मध घेऊन तिच्या हिरड्यांना चोळत राहिले. "ठमे, ए ठमे," एवढंच तोंडातून निघत होतं. वन्सं मागे बसून रडत होत्या.

दवाखान्यात तिला लगेच ग्लुकोजचं सलाइन लावलं. बाई यांच्याकडे वळल्या. "दिलंय की नाही अशी शंका आली तर द्यायचंच नाही. एक वेळ चुकली तर निभावतं. दोनदा दिलं तर जीव जातो."

"चूक माणसाकडूनच होते," हे म्हणाले.

"हो ना. भोगायला मांजर आहे!" असं म्हणून बाई आत गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळाने बघते तर हे मोबाइलमध्ये डोकं घालून गालातल्या गालात हसताहेत. वन्संचा व्हिडिओ एव्हाना सगळ्या नातेवाइकांत फिरला होता. कोणी 'देवमाणूस' लिहिलं होतं, कोणी हात जोडले होते.

"पुसा तो आधी," मी म्हटलं.

"लोक चांगलं म्हणताहेत, आता कशाला?"

मला रागसुद्धा आला नाही. नुसती कीव आली. आणि नवऱ्याची कीव येणं हे राग येण्यापेक्षा जड जातं.

ठमी वाचली. दोन दिवसांनी घरी आली ती थेट बशीकडे गेली. आता इंजेक्शन मी देते आणि मी नसले की वन्सं येऊन देतात. त्या रडूबाई खऱ्या, पण एकदा दाखवलं तेवढ्यात शिकल्या, आणि द्यायच्या आधी मला फोन करून विचारतात.

"मग मी काय करायचं?" यांनी फुरंगटून विचारलं.

"तिच्या हगायच्या डब्यातली माती बदला."

चार दिवस नाक मुरडलं, मग करायला लागले. काल मात्र फोनवर कोणाला तरी ऐकवत होते, "मुकं जनावर वाचवायचं म्हणजे छातीत धीर लागतो. तिथे बायकांचं काम नाही."

मी दारात उभी राहून पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अहो, माती झाली का बदलून?"

यांनी फोन ठेवला आणि मुकाट्याने डबा उचलला.