आधी तुमची तपासणी

पंचफुलाबाईंचा आवाज मोठा. बाभुळगावात बाजाराच्या रस्त्याला त्यांची पिठाची चक्की होती. तिच्या घरघरीवर मात करून बोलायची सवय इतकी अंगात मुरलेली, की विहारात वंदनेच्या वेळीही त्यांचा ‘साधू, साधू’ सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. नवरा लवकर गेला. चक्की चालवून त्यांनी एकुलत्या एका मुलीला, मैत्रेयीला, शिकवलं. ती इतकी शिकली, की काय शिकली हे सांगताना पंचफुलाबाईंना दम लागायचा.

“नागपूरले संशोधन करते,” त्या दळण घेऊन आलेल्या बायकांना सांगत. “बायांच्या कॅन्सरवर. पेशी घेते अन त्याच्यातलं जीन काय बोलून राह्यलं ते मशीनवर आयकते.”

“जीन बोलते?”

“मंग! अन पोरगी माही हाय. आयकाची सवय लहानपणापासूनच हाय तिले.”

मैत्रेयीने हे वर्णन कधी खोडलं नाही, कारण ते अगदीच चूक नव्हतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जीनचा संच तोच असतो, पण सगळे जीन एकाच वेळी चालू नसतात. काही जोरात चालतात, काही हळू, काही गप्प बसतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी तिथल्या पेशी बदलायला लागतात. पुष्कळ बायकांमध्ये हा बदल आपोआप मावळतो, थोड्या जणींमध्ये वाढत जातो. कुणाचा मावळेल आणि कुणाचा वाढेल, हे जीनच्या चालूबंदवरून आधीच ओळखता येईल का, हा मैत्रेयीचा प्रश्न होता. त्यासाठी ती गावोगावी तपासणीची शिबिरं घेत फिरायची. अनोळखी बायकांना समजावण्यात तिचा हातखंडा होता. फक्त एक बाई तिचं ऐकत नव्हती.

“आई, जराशा वेळचं काम हाय. कापसाची काडी फिरवाची अन झालं.”

“मले काय धाड भरली?” पंचफुलाबाई म्हणत आणि चक्की सुरू करत. त्यापुढे बोलणं शक्यच नसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर पुसदच्या पुढे एका तांड्यावर शिबिर ठरलं. नेमका तेव्हाच चक्कीचा पट्टा तुटला. नवा पट्टा यायला वेळ होता, म्हणून पंचफुलाबाई मोकळ्या झाल्या आणि जेवणाचा डबा घेऊन सरळ मुलीच्या जीपमध्ये येऊन बसल्या.

“तू कुठी चालली?” मैत्रेयीने विचारलं.

“तू जेवत नाही म्हणून चालली. हाडं दिसून राह्यली तुही.”

तांड्यावरच्या समाजमंदिरात पडदे लावून झाले. मैत्रेयीची सहकारी उर्वशी ही यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातली बायकांच्या आजारांची डॉक्टर. ती हातमोजे घेऊन तयार बसली. तांड्यातल्या आशा कार्यकर्तीने आदल्या दिवशी घरोघरी सांगितलं होतं, पण सकाळ सरली तरी एकही बाई फिरकली नाही. पायरीवर एक कुत्रं मात्र येऊन निवांत झोपलं.

“सगळ्यांनी येतो म्हटलं होतं,” मैत्रेयी हिरमुसून म्हणाली.

“पराटीवर कापूस फुटून पडला हाय पांढराफट,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “वेचणी सोडून तुह्यापाशी बाया येतीन? थांब, मी येते जाऊन.”

त्या थेट शेतात गेल्या. शेत बिजलीबाईंचं होतं. बिजलीबाई म्हणजे तांड्यातलं वजनदार माणूस. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, नजर करडी, बोलणं मोजकं. कुणी ओळखपाळख विचारायच्या आत पंचफुलाबाईंनी पदराची ओटी बांधली, कपाशीची एक ओळ, एक तास धरलं आणि कापूस वेचायला लागल्या. पाहुणी बाई न सांगता वेचायला लागली म्हटल्यावर इतर बायकांना हसू आवरेना. हसता हसता बोलणं सुरू झालं.

पंचफुलाबाईंनी आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. वच्छला तिचं नाव. तिच्या अंगावरून जायचं, पाळी नसतानाही लाल दिसायचं. लाजेपायी तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

“सांगाची लाज वाटली तिले,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “तवा माही पोरगी शाळेत होती. मावशीच्या उशाशी बसून अभ्यास करे.”

वेचणाऱ्या बायकांचे हात थांबले. मग पंचफुलाबाईंनीच स्वर बदलला. “आता पाहा, चक्कीचा पट्टा झिजला की आधीच बदलावा लागते. तुटाची वाट पाह्यली तं गिऱ्हाईक वापस जाते. तसंच हे.” स्वतःचा पट्टा तुटल्यामुळेच आपण इथे आहोत, हे त्यांनी सांगितलं नाही.

दुपारची भाकरी झाल्यावर बायकांचा जथाच समाजमंदिराकडे निघाला. पुढे पंचफुलाबाई, विजयी चेहऱ्याने. मैत्रेयी दारात उभी राहून बघतच राहिली.

पायरीपाशी बिजलीबाई थांबल्या. त्या थांबल्या तशा सगळ्या थांबल्या.

“बाई,” त्या पंचफुलाबाईंना म्हणाल्या, “तुमची तपासणी तं कवाचीच झाली असंन?”

“माही?”

“हाव, तुमची. पोरगीच डॉक्टर हाय तुमची.”

पंचफुलाबाईंनी मैत्रेयीकडे पाहिलं. मैत्रेयी आईच्या मदतीला आली नाही. तिने खांद्यावरची ओढणी नीट केली आणि मान वळवून कुत्र्याकडे पाहत राहिली.

“नाही झाली,” पंचफुलाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मागच्या बायकांना पुढच्यांनी सांगावं लागलं.

“मंग आधी तुमी,” बिजलीबाई म्हणाल्या आणि पायरीवर बैठक मारली. “आमी हितंच बसलो. जा तुमी.”

बायका खो खो हसायला लागल्या. पंचफुलाबाईंनीही हसून घेतलं, पण मैत्रेयीचा हात धरून त्या तिला भिंतीच्या आडोशाला घेऊन गेल्या. तिथे त्यांचे डोळे भरून आले.

“मैत्रू, मले भेव वाटते वं. वच्छीचं सारं मी पाह्यलं. तपासलं की निंगते. नाही तपासलं तं नाही निंगत, असं वाटते मले.”

इतकी वर्षं ‘काय धाड भरली’च्या मागे हे लपलेलं होतं. मैत्रेयीला आधी रागच आला, स्वतःचा. जगभरच्या बायकांना ‘तुम्हाला कशाची भीती वाटते’ असं विचारणाऱ्या मुलीने आईला मात्र फक्त हुकूम सोडले होते.

“आई, तपासल्यानं रोग येत नाही,” ती हळूच म्हणाली. “असला तं सापडते. मावशीचा येळेवर सापडला असता तं ती आज तुह्यासंग भांडत बसली असती.”

पंचफुलाबाईंनी पदराने नाक पुसलं. “बरं. पन तू अंदर येऊ नको. मले लाज वाटते. ते दुसरी पोरगी चालते.”

त्या पडद्याआड गेल्या. बाहेर बायका कान देऊन बसल्या. थोड्याच वेळाने तोच जुना, चक्कीवरचा आवाज समाजमंदिराबाहेर घुमला.

“बस? इतकंच?”

मग मात्र रांग लागली. बिजलीबाई दुसऱ्या.

नमुन्यांचे निकाल यायला काही दिवस गेले. तोवर नवा पट्टा बसून चक्की सुरू झाली होती. उर्वशीचा फोन आला तेव्हा पंचफुलाबाईंनी चक्की बंद केली, ऐकून घेतलं आणि लगेच नागपूरला फोन लावला.

“मैत्रू, माह्यात निंगलं.”

ज्याच्यामुळे पेशी बदलतात तो विषाणू नमुन्यात सापडला म्हणजे कॅन्सर नव्हे, पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ, हे मैत्रेयीने शेकडो बायकांना समजावलं होतं. आईला मात्र “मी येते,” एवढंच ती म्हणाली आणि मिळेल त्या बसने बाभुळगावला आली. दोघी मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या. पंचफुलाबाईंनी पिठलं केलं, मैत्रेयीने भाकरी. कोणीच नीट जेवलं नाही.

पुढच्या तपासणीसाठी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं. तिथे पोचल्यावर पाहतात तर फाटकाशी बिजलीबाई. त्यांचा स्वतःचा निकाल चांगला आला होता. तांड्यातल्या ज्या दोघींना बोलावलं होतं त्यांना घेऊन त्या आल्या होत्या, शिवाय भाकरी, ठेचा आणि पाण्याची कॅन.

“तुमी कायले आल्या?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“तुमाले मीच तं पाठवलं पडद्यामांगं,” बिजलीबाई म्हणाल्या. “मंग एकलं कसं सोडू?”

आत दुर्बिणीतून तपासणी झाली, छोटा तुकडा काढून तपासायला गेला. काही दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण पेशींचा बदल बराच पुढे गेलेला होता. आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर त्याचा कॅन्सर होऊ शकला असता. पुढच्या खेपेला जागा बधिर करून उर्वशीने तारेच्या बारीक कडीने तेवढा भाग काढून टाकला. पंचफुलाबाई त्याच संध्याकाळी घरी परतल्या.

त्याआधी उर्वशीने त्यांना विचारलं होतं, काढलेल्या भागातला कणभर संशोधनाला द्याल का? मुलीचं दडपण नको म्हणून मैत्रेयी मुद्दाम खोलीबाहेर थांबली होती.

“वच्छीसारख्या एखादीच्या कामी येईन का थे?”

“लगेच नाही सांगता येणार, काकू. पण शोधायला उपयोग होईल.”

“मंग घ्या. काढलंच हाय तं फेकता कायले?”

पुढे उन्हाळ्यात पंचफुलाबाई पहिल्यांदाच मुलीची प्रयोगशाळा पाहायला नागपूरला गेल्या. मैत्रेयीने पडद्यावर लाल-निळ्या चौकटींचं एक मोठं चित्र दाखवलं. एकेक उभी पट्टी म्हणजे एकेका बाईचा नमुना. लाल म्हणजे जोरात चालणारा जीन, निळा म्हणजे मंद. ज्यांचा बदल वाढत गेला होता त्यांच्या पट्ट्यांमध्ये काही जीन एकसारखे लाल दिसत होते. अजून पुष्कळ नमुने तपासल्याशिवाय काही ठामपणे म्हणता येणार नव्हतं, पण काहीतरी दिसत होतं, आणि ते दाखवताना मैत्रेयीचा चेहरा उजळला होता.

“याच्यात मी कोनती?”

“मले माहीत नाही, आई. नमुन्यावर नाव नसते. कोनाचं काय हे मले कळूच नये, असा नियम हाय.”

“घ्या!” पंचफुलाबाई सगळ्या प्रयोगशाळेला उद्देशून म्हणाल्या. “पोटची पोरगी, अन मायले वळखत नाही!”

शेजारच्या टेबलावरची दोन मुलं हसून लोटपोट झाली. मैत्रेयीही हसली. मग पंचफुलाबाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या आणि एकेक पट्टी निरखत राहिल्या, जणू गावच्या कार्यक्रमाचा जुना फोटो पाहत होत्या.

फेरतपासणीत सगळं स्वच्छ आलं. पुढचं शिबिर झरी जामणीकडच्या एका गावात होतं. जीप निघायच्या वेळी पंचफुलाबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर, आदल्या रात्री मुक्कामाला आलेल्या, बिजलीबाईही. खिडकीशी कोण बसणार यावरून दोघींची जुंपली.

“मले उलटी होते,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“मले बी होते,” बिजलीबाई म्हणाल्या आणि आधी चढून बसल्या.