कॅमेऱ्यातलं कापड

गिरणी संपाचा पहिला पावसाळा संपत आला होता, तेव्हा शेवंतीने ठाकूरद्वारला हेरंब साने यांच्या घरी भांड्यांचं काम धरलं. त्याआधी ती मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. नवरा दौलत त्याच मिलमध्ये लूम, म्हणजे माग चालवायचा. संप लांबत चालला तसा तो गावी, आईच्या शेतावर राबायला गेला. डिलाईल रोडची खोली एकदा हातची गेली की पुन्हा मिळायची नाही, म्हणून शेवंती मागे राहिली.

हेरंबकाका साठीचे, एकटे. वाडीत तळमजल्याच्या पुढच्या खोलीत ते कॅमेरे दुरुस्त करत. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर बारीक स्क्रू, डोळ्याला लावायचं भिंग. शेवंती केर काढताना टेबलाच्या आसपास जरा जास्तच रेंगाळायची. तिने कॅमेरा पाहिला होता तो फक्त लग्नात, आणि तोही बाहेरून.

एक दिवस टेबलावर एक जुना रशियन कॅमेरा पाठीमागून उघडा पडला होता. आत एक काळा पडदा ताणलेला दिसत होता. तिने ओल्या हातांनीच वाकून पाहिलं आणि विचारलं, “काका, ह्यात कापड कशाला?”

काकांनी मान वर केली. बघणारे बहुतेक जण त्याला चामडं म्हणत, नाहीतर रबर. हे कापडच आहे, असं तिला कशावरून वाटलं, ते त्यांनी विचारलं. ती म्हणाली की कडेला एक धागा सुटलाय.

मग काकांनी चावी भरून बटण दाबलं. खट्ट झालं आणि पडदा कुठे गेला ते तिला कळलंच नाही. त्यांनी पुन्हा दाखवलं, सावकाश. एक पडदा पुढे पळतो, दुसरा त्याच्या मागून. दोघांमध्ये फट राहते, आणि त्या फटीतून उजेड फिल्मवर पडतो. फट जितकी अरुंद, तितका कमी वेळ उजेड. कापड रेशमाचं, एका बाजूने रबर चढवलेलं. शेवंतीला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि त्यातून राहिलेलं तिसऱ्या दिवशी. आठवडाभरात काकांनी तिच्यासाठी एक स्टूल आणलं.

तो कॅमेरा रमाकांत वैद्यांचा होता. वैद्य शिवाजी पार्कला राहणारे निवृत्त इंजिनियर. रोज सकाळी फिरायला निघायचे ते कॅमेरा गळ्यात घालून, आणि रस्त्यातल्या माणसांचे फोटो काढायचे. त्यांच्या प्रत्येक फोटोत आभाळाच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका येऊ लागला होता. काकांनी कॅमेरा दिव्यासमोर धरला आणि शेवंतीला आत बघायला लावलं. पडद्यात सुईच्या टोकाएवढं भोक होतं, आणि त्याची कड करपलेली होती.

“सूर्यानं जाळलंय,” काका म्हणाले. भिंगाने कागद पेटवतात ना, तसंच हे. ह्या जातीच्या कॅमेऱ्यात भिंग आणि पडदा यांच्यामध्ये ऊन अडवायला आरसा नसतो. वैद्यांना भिंगाला झाकण लावायचा कंटाळा, कारण झाकण काढेपर्यंत माणूस निघून जातो. मग कॅमेरा कट्ट्यावर उताणा ठेवून ते गप्पा मारत बसतात, आणि ऊन थेट पडद्यावर येतं.

शेवंती किती तरी वेळ त्या भोकाकडे बघत राहिली. एवढ्याशा भोकातून सूर्य आत शिरला, ही गोष्ट तिच्या मनातून जाईना.

काकांच्या उजव्या हाताला अलीकडे कंप सुटला होता. पडदा बदलायचा म्हणजे त्याच्या बारीक फिती आतल्या गुंडाळायच्या रुळावर सरळ रेषेत चिकटवायच्या, आणि ते काम त्यांना जमेनासं झालं होतं. शेवंतीची बोटं तुटलेलं सूत चालत्या यंत्रावर सांधणारी. त्यांनी तिला करून बघायला सांगितलं.

पहिला पडदा तिने बिघडवला. कापड वाचावं म्हणून तिने तुकडा तिरका कापला. लावताना छान बसला. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहिला, तर एक बाजू गडद आली. तिरकं कापलेलं कापड ताणल्यावर लांबतं, आणि दोन पडद्यांची चाल जुळत नाही. धाग्याच्या सरळ रेषेत कापायचं हे सूत हाताळणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली. काकांनी पेटीतून दुसरा तुकडा काढून दिला.

दुसरा पडदा नीट बसला आणि भिंत एकसारखी आली. पण भिंत हलत नाही, काका म्हणाले. वेग पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, ठेवल्यावर पडदा खरोखर तेवढ्या वेगाने पळतो का, हे कळायला पळती वस्तू हवी. रस्त्यावर जा आणि सायकलचं चाक टिप. आऱ्या मोजता आल्या तर कॅमेरा बरा झाला. माझे पाय आता तेवढे चालत नाहीत, असंही त्यांनी सांगितलं.

शेवंती कॅमेरा पदराखाली घेऊन डिलाईल रोडला आली. हा रस्ता तिच्या ओळखीचा, ऊन कुठे आणि किती वाजता पडतं हे ठाऊक असलेला. मिलच्या गेटासमोरच्या कोपऱ्यावर दुपारी चांगला उजेड यायचा. तिथे ती उभी राहिली आणि सायकलींची वाट बघू लागली. एक पाववाला गेला, मग एक दूधवाला. तिने बटण दाबलं, चावी भरली, पुन्हा दाबलं. ती चाकांकडे बघत होती. चाकांच्या मागे, गेटापाशी, संपावरचे कामगार बसलेत याचं तिला भान राहिलं नाही.

त्यांच्यातून कुशाबा उठून आला. कुशाबा पलीकडच्या चाळीतला, लूमवर दौलतच्या शेजारी काम केलेला. मालकांची माणसं गेटावरच्यांचे फोटो काढून नेतात आणि मग त्यांना कामावरून कमी करतात, अशी आवई तेव्हा उठली होती. त्याच्यामागे आणखी चारपाच जण येऊन उभे राहिले.

“दौलतची बायको ना तू? फोटो कोणासाठी काढतंस गे?” त्याने विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण हात पुढे केला होता.

“कोणासाठी नाय,” शेवंती म्हणाली. “कॅमेरो दुरुस्त केलंय, तो चलता काय नाय तां बघतंय.”

कुणाचाच विश्वास बसला नाही. वाइंडिंगमधली बाई कॅमेरा दुरुस्त करते, ही थाप वाटण्यासारखीच होती. एकाने रोल काढून घ्यायला सांगितलं. शेवंतीने कॅमेरा छातीशी धरला. रोल द्यावा असं तिला वाटेना, आणि त्याचं कारण तिचं तिलाही चमत्कारिक वाटलं. मिलमालकाची तिला पर्वा नव्हती. रोल उन्हात उघडला असता, तर पडदा नीट पळाला की नाही हे तिला कधीच कळलं नसतं.

तिने कुशाबाला सांगितलं की फिल्म धुताना त्याने समोर उभं राहावं, आणि जे चित्र नको असेल ते स्वतःच्या हाताने कापून घ्यावं. कुशाबा थोडा घुटमळला, मग पायात चपला सरकवून तिच्यासोबत निघाला. ठाकूरद्वारपर्यंत दोघं चालत गेले.

हेरंबकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुशाबाला मोरीतच नेलं. मोरीला काळे पडदे लावले की ती त्यांची डार्करूम व्हायची. फिल्म धुऊन दोरीला चिमट्याने टांगली. ती वाळल्यावर कुशाबाने खिडकीकडे धरली. निगेटिव्हमध्ये माणसांचे चेहरे काळे, केस पांढरे, आभाळ कोळशासारखं. तो बराच वेळ बघत होता.

“ह्यात कोण कोणाक ओळखतलो?” तो म्हणाला.

काका स्वभावाने सरळ. कागदावर छापलं की सगळे ओळखू येतील, असं त्यांनी सांगून टाकलं. कुशाबाने मान हलवली आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. पुढे दूधवाल्याची सायकल आणि मागे गेटावरची माणसं, त्यात तो स्वतः. शेवंती म्हणाली, कापायच्या आधी मला एकदा बघू दे. तिने भिंग लावलं. दूधवाल्याचं चाक जागच्या जागी थांबलं होतं आणि आरी न् आरी वेगळी दिसत होती.

“पळालो,” ती पडद्याबद्दल हळूच म्हणाली. “बराबर पळालो.” आणि तिने कात्री कुशाबाच्या हातात दिली.

त्याने चौकट कापून घेतली, पण गेला नाही. काय पळालं, ते त्याला बघायचं होतं. शेवंतीने कॅमेऱ्याची पाठ उघडली, चावी भरली आणि पडदा दाखवला. मग तिने वाया गेलेला पहिला तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. कुशाबाने तो अंगठ्याने चोळला, उजेडात धरला, उभे-आडवे धागे बघितले. किती महिन्यांनी त्याच्या हाताला कापड लागत होतं. मग त्याने बटण दाबायला मागितलं. एकदा दाबलं, पुन्हा दाबलं, मग सावकाश वेगावर, मग जलद वेगावर. चहा झाला तरी तो खट्ट खट्ट ऐकत बसला होता.

रमाकांत वैद्य कॅमेरा न्यायला आले तेव्हा काकांनी चाचणीची फिल्मही त्यांना दाखवली. मधलीच एक चौकट नाही हे पाहून त्यांनी चौकशी केली. हकिकत ऐकून ते शेवंतीला म्हणाले, “मला तिथे घेऊन चला. परळच्या पुलापलीकडे मी कधी कॅमेरा काढलेला नाही. लोक तोंड फिरवतात.”

दोघं गेले. वैद्यांनी वाटेत तिला आपली पद्धत शिकवली. भिंगावर अंतर आधीच दहा फुटांवर लावून ठेवायचं, उजेड आत सोडणारं छिद्र आठवर. उन्हात मग काही फिरवायला नको. माणूस दहा फुटांवर आला की फक्त बटण. कॅमेरा डोळ्याला न लावता पोटापाशी धरायचा, म्हणजे समोरच्याला कळत नाही. अडचण एकच, दहा फुटांचा अंदाज येत नाही.

“दहा फूट म्हणजे आमची खोली,” शेवंती म्हणाली. दारात उभं राहिलं की मागची भिंत जिथे, तिथे माणूस. त्या दिवशी तिचा अंदाज फारसा चुकला नाही. बाकीच्यात मात्र तिचं आणि वैद्यांचं पटलं नाही. पांढरी पँट घातलेला, वैद्यांसारखा उंच गृहस्थ पोटाशी हात धरून उभा राहिला, की चाळीतल्या पोरांच्या ते लगेच ध्यानात येई. शेवंतीला लपायचा धीरच नव्हता. पहिल्यासारखं पुन्हा कुणी हात पुढे करेल, ही धास्ती होती. ती सरळ जाऊन कॅमेरा दाखवायची, पुढचं भिंग काढून आतला पडदा, एक चौकट वाया घालवून ती फट, सगळं. लोक जमायचे, बघायचे, मग कंटाळून आपापल्या कामाला लागायचे. त्यानंतर ती फोटो काढायची.

सांगून काढला की चेहरा बदलतो, असं वैद्यांचं म्हणणं. कंटाळला की पुन्हा मूळपदावर येतो, असं शेवंतीचं. रोल छापून आला तेव्हा दोघांनीही उत्सुकतेने कागद खिडकीपाशी नेला. शेवंतीने टिपलेली, चाळीच्या पायरीवर जुना स्वेटर उसवणारी म्हातारी छान आली होती. पण सगळ्यांत सरस निघाला वैद्यांचा, पोटापाशी धरून घेतलेला. नळावर हंडा उचलता उचलता वळलेली एक मुलगी, अजून काहीच न कळलेली. शेवंतीने तो दोनदा पाहिला आणि कबूल केलं की हे तिच्या पद्धतीने मिळालं नसतं. त्यावर वैद्य म्हणाले, पण त्या मुलीला फोटो नेऊन द्यायला तुम्हालाच जावं लागेल, मला त्या चाळीत शिरता येणार नाही. ती गेली आणि देऊन आली.

संप कधी संपला हे कुणी नीट सांगू शकलं नाही. काही मिल सुरू झाल्या, काहींनी जुन्यांना घेतलं नाही. दौलत गावाहून परतला आणि गेटावर खेटे घालून शेवटी एका गोदामात रखवालीला लागला. वाइंडिंगच्या बायकांना कुणी बोलावलंच नाही. तोवर शेवंतीने भांड्यांचं काम सोडून काकांकडे दुरुस्तीचंच काम धरलं होतं. दुरुस्त झालेला प्रत्येक कॅमेरा घेऊन ती लालबाग, परळ, कधी दादरच्या मासळीबाजारापर्यंत चाचणीला जायची, आणि रविवारी वैद्य सोबत यायचे. त्यांचा वाद मिटला नाही. पण पुढेपुढे ती कधीमधी पोटापाशी कॅमेरा धरू लागली आणि ते कधीमधी आधी विचारू लागले.

मग नवे कॅमेरे आले. प्लास्टिकचे, बॅटरीवर चालणारे. अंतर, उजेड सगळं आपलं आपण ठरवणारे. पडदा बदलायची कामं कमी झाली. असला एक बंद पडलेला कॅमेरा दुरुस्तीला आला, तेव्हा काकांनी तो हातातही घेतला नाही. ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, गिऱ्हाइकाला परत दे, असं त्यांनी सांगितलं.

शेवंतीने भिंगापासून पाठीपर्यंत त्याला निरखलं. आत कापड नव्हतं. मग उजेड अडवतो कोण?

“एक दिवस ठेवून घेते, काका,” ती म्हणाली, आणि खालच्या बाजूचे स्क्रू शोधायला लागली.