फाळांवरचा पुसलेला ठसा

चातुर्मासात माझं मौनभोजन असतं. जेवताना बोलायचं नाही. बोललं तर पानावरून उठायचं. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक्स्पोर्टच्या कागदांवर शेवटची सही माझी लागते, हेही.

त्या सकाळी मी डबा भरत होते आणि अस्मी शाळेचा प्रोजेक्ट वाचून दाखवत होती. दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिका.

"मम्मा, लिसन. बाहेरच्या लोखंडावर टॅरिफ, म्हणजे आयातकर, सो त्यांच्या फॅक्टरीज ग्रो झाल्या. पण फार्मरला सगळं महाग. अँड गहू न्यायला गावात एकच रेलरोड, ते म्हणतील ते भाडं."

"म्हणजे घेतानाही त्यानेच द्यायचं आणि विकतानाही?"

"एक्झॅक्टली! मधले लोक रिच."

दुपारी गोदामात गेले, तर थिनरचा उग्र दर्प. अमेरिकेला जाणाऱ्या नांगराच्या फाळांवरून मूळ देशाचा ठसा पुसून 'मेड इन यूएई'चे स्टिकर लावणं चाललं होतं. मी एक फाळ उचलून पाहिला; पुसलेल्या जागेवरचं थिनर बोटांना लागलं.

जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि आमचे मॅनेजर कुशल सर कागद घेऊन समोर येऊन बसले. मुद्दाम ही वेळ साधून.

"जेवा मॅडम, बोलू नका. मूळ देशातून थेट पाठवलं तर टॅरिफ जास्त, इथलं दाखवलं की कमी. आणि पुण्य बघा ना! अमेरिकेतल्या बिचाऱ्या शेतकऱ्याला फाळ स्वस्त मिळेल."

कागदाखालून विक्रीची यादी डोकावत होती. दर पूर्ण टॅरिफ भरल्यासारखाच. शेतकऱ्याला एक पैसाही सुटत नव्हता.

त्यांनी माझ्या डब्यात बोटं घालून भेंडी उचलली. "वा! मॅडम नाही म्हणत नाहीत, म्हणजे कबूल. खलास! रुखसार, तू साक्षीदार हं."

शेजारच्या टेबलावरच्या रुखसारने मान खाली घातली. सरांनी बोटं चाटली आणि त्याच हाताने पेन पुढे केलं.

अस्मीच्या बाबांची नोकरी गेल्यापासून तिघांचा व्हिसा माझ्यावर आहे. तोंडातला घास फिरत राहिला. कसाबसा गिळला.

"नाही," मी म्हटलं. "हे फाळ इथले नाहीत. मी सही करणार नाही."

"अरेरे, व्रत मोडलंत की! व्हिसाचं तरी बघा, मॅडम."

"माझं जेवण झालं," म्हणून मी उठले.

अन्न टाकायचं नाही, हाही माझा नेम. पण त्यांनी चिवडलेली ती भेंडी मी कचऱ्यात ओतली. तीनदा हात धुतले. खिडकीतून कंटेनर दिसत होता, सहीवाचून फाटकातच अडलेला. बोटांना मात्र अजून थिनरचा वास येत होता.