कोणी कोणी दिल्या

मोजायचं यंत्र बायकांनीच मागितलं होतं. शर्टांच्या कारखान्यातला सुपरवायझर कॉलरी मोजताना मर्जीतल्या बायकांना झुकतं माप द्यायचा. शेवटी शिलाई मशीनच्या ओळीत शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन जावांपैकी धाकटी पुढे झाली. "यंत्राला ना लाडकी, ना दोडकी," असं ठणकावून तिनं सगळ्यांना हात वर करायला लावले.

प्रत्येकीच्या मशीनला छोटी स्क्रीन बसली. कॉलर शिवून झाली की अंगठा टेकवायचा, आकडा पुढे सरकायचा. आठवड्याला कमी भरला की सुट्टी. कायमची.

थोरलीला हल्ली सुईचं टोक दिसत नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ओळीची जुनी रीतच होती: जी मागे पडेल तिच्या टोपलीत पाणी प्यायला जाता-येता आपल्या दोन-चार कॉलरी टाकायच्या. कोणी टाकल्या ते बघायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. एखादी टाकतही नसेल. पण ते कळायची सोय नव्हती, म्हणून सगळ्याच भल्या होत्या.

आता प्रत्येक कॉलर अंगठ्याला बांधली गेली. धाकटी सुपरवायझरकडे गेली.

"काहीतरी करा ना साहेब."

"आता साहेब कशाला आठवला? यंत्राला सांगा." मग जरा विरघळून तो म्हणाला, "अहो, आपल्या कॉलरी दुसरीला देता येतात त्यात. हे निळं बटण. फक्त देणारीचं नाव तिच्या स्क्रीनवर दिसतं."

जेवणाच्या सुट्टीत धाकटीनं सगळ्यांना बटण दाखवलं. "देऊ की गं, त्यात काय!" सगळ्या म्हणाल्या आणि आपापल्या आकड्याकडे बघत बसल्या. एकीला दोनच देणं लाजिरवाणं वाटलं, दुसरीला आधी देणं म्हणजे मिरवणं वाटलं. तिसरी म्हणाली, "ती किती देते ते बघू, मग मी."

शनिवारी थोरलीच्या स्क्रीनवर एकच नाव होतं, धाकटीचं. स्वतःची नोकरी काठावर येईपर्यंत तिनं दिल्या होत्या. तरी पुरल्या नाहीत. सोमवारपासून येऊ नका, असं थोरलीला सांगून झालं.

थोरली स्क्रीनला नाक लावून उभी राहिली. "काही दिसत नाही बाई डोळ्याला. वाच गं तू. कोणी कोणी दिल्या?"

धाकटीनं ओळीतल्या एकूण एक बाईचं नाव वाचलं. आपला आकडा अडखळत सगळ्यांत वाटून टाकला.

थोरलीनं डोळे पुसले आणि ती ओळीतून निघाली, एकेकीचा हात हातात घेत. "खूप केलंत गं. मीच कमी पडले."

"अहो ताई, त्यात काय एवढं," पहिली म्हणाली.

"माणुसकी आहे की नाही?" दुसरी म्हणाली. तिसरीनं रुमाल डोळ्यांना लावला.

धाकटी दोघींचे डबे घेऊन दाराशी थांबली होती. थोरली जवळ आली.

"सगळ्यांची नावं वाचलीस. तुझं नव्हतं गं त्यात."

धाकटी डब्याची कडी नीट लावत राहिली.

"असू दे. तुलाही तुझं घर आहे," थोरली म्हणाली आणि तिच्या हातातून आपला डबा काढून घेतला.