मातीखालचा जोड

झाड एक, फांद्या तीन, फळं चार. त्यांतली दोन पोपटांनी कोरलेली, एक दगडासारखं कच्चं. पिकलेलं एकच. वल्लरीनं ते देठासकट कापलं आणि ओंजळीत धरून प्रयोगशाळेत आणलं. तिथं तिचे बाबा, अशोकराव, खिशात जीरावन मसाल्याची डबी घेऊन सकाळपासून स्टुलावर बसले होते.

इंदूरबाहेरच्या त्या फळ संशोधन केंद्रात वल्लरी तंत्रसहायक होती. दिवसभर जामफळं, म्हणजे पेरू, मोजायची, कापायची, रसाची गोडी छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघायची. पण हे झाड कुठल्याच प्रयोगातलं नव्हतं. छत्रीबागेतलं त्यांचं घर विकलं आणि नव्या मालकानं अंगणातलं जामफळ तोडायला काढलं, तेव्हा तिनं त्याच्या काड्या आणून इथल्या खुंटांवर, बियांपासून वाढवलेल्या रोपांवर, कलमं बांधली. ते झाड आईनं, शैलजानं लावलेलं. आतून गुलाबी, गोडी तेरा; आई गेली त्याच वर्षी वल्लरीनं मोजली होती. कलमांतलं एकच जगलं.

मग हिवाळ्यात पानांवर दव गोठायला लागलं. रोप वाचावं म्हणून वल्लरीनं बुंध्याला मातीची भर घातली आणि कलमाचा जोड गाडला गेला. नवख्या मजुरालाही ती असं कधी करू देत नसे. तरी मातीवरचं सगळं जळालंच. फाल्गुनात मातीतून एक कोवळी फूट वर आली. जोडाच्या वरून फुटली असेल तर ती आईच्या झाडाची. खालून फुटली असेल तर नुसत्या खुंटाची, कुठल्याशा बियांतून आलेल्या.

"माती सरकवून पाहून घे ना यार," तिचा सहकारी मनीष म्हणाला होता. "दोन मिनटांचं तर काम आहे."

मुळं दुखावतील, असं तिनं सांगितलं. दुखावत नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. उन्हाळ्यात टँकर आला की पहिली बादली मात्र तिथंच ओतायचा. बाबांना तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ते दर रविवारी एवढंच विचारत, शैलजाचं झाड कसं आहे.

"चल, काप," आता ते म्हणाले. "गुलाबी निघतं की नाही बघ."

सुरी आरपार गेली. गर पांढरा होता.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डबी उघडली, एका फोडीवर चिमटीनं जीरावन भुरभुरलं, आई टाकायची तसंच, आणि ती फोड सावकाश चावून खाल्ली.

"तीच चव आहे गं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. दुसरी फोड त्यांनी घेतली नाही.

वल्लरीनं उरलेली फोड पिळली, यंत्राच्या काचेवर दोन थेंब सोडले आणि ते खिडकीच्या उजेडाकडे धरलं. आतली गोडी दाखवणारी रेघ दिसेना. डोळे पुसून तिनं ते पुन्हा धरलं.

गोडी नऊ पूर्णांक चार.