गुरूवरचा ठिपका माझा नव्हता

मित्रांनो, दुर्बिणीची सारी वाहवा तिच्या लांबलचक नळीला मिळते. माणूस डोळा लावतो तो मात्र नळीच्या टोकाशी बसवलेल्या, अंगठ्याएवढ्या एका लहानशा भागाला. त्याला नेत्रिका म्हणतात. मी तशीच एक जुनी नेत्रिका आहे. सध्या टेबलाच्या तिसऱ्या खणात, वाळलेल्या पेनांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. माझ्यावर एक आरोप छापून आला आहे आणि तो खोटा आहे. एवढेच मला सांगायचे आहे. पण त्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

एका चष्मेवाल्याने दुकानामागच्या खोलीत मला घडवले. दिवसभर लोकांचे नंबर काढून झाले की तो माझी तीन भिंगे घासायला बसे. पितळी नळकांड्यात ती बसवताना तो श्वाससुद्धा रोखून धरी. मला न्यायला आलेल्या माणसाला त्याने बजावले, "हे बघा, भिंगाला बोट लावायचं नाही. लोकांना पुसायची फार हौस असते. फुंकर मारा, नाहीतर गप्प बसा."

नेणारा माणूस गप्प बसणाऱ्यांतलाच होता. तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. छापण्यापूर्वी मजकुरातल्या चुका शोधून काढायच्या, हे त्याचे काम. दिवसभर अक्षरांवर झुकलेली मान तो संध्याकाळी गच्चीवर येऊन आकाशाकडे उचलत असे. घरात तो आणि त्याची आत्या, अशी दोनच माणसे. आत्याने शिवणयंत्र चालवून त्याला लहानाचे मोठे केले होते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावरही ती कोणाच्या मदतीशिवाय सुईत दोरा ओवत असे, आणि ओवून झाला की सगळ्यांकडे एकदा पाहून घेत असे.

पहिल्यांदा तिने माझ्यातून शनी पाहिला, तेव्हा मान मागे घेऊन ती उठली आणि नळीच्या तोंडाशी जाऊन आत डोकावली.

"चित्र चिकटवलंयस ना आत? खरं सांग."

तो हसला. त्याला इतके मोकळे हसताना मी त्यानंतर फारसे ऐकले नाही.

त्याच दिवसांत त्याने तिला एक गोष्ट शिकवली. "आत्या, ग्रहावर काही काळं दिसलं, तर नळीवरचा हात सोडायचा. पृथ्वी फिरतेय, म्हणून ग्रह आपोआप सरकत जातो. धूळ असेल तर ती जागीच राहते. ठिपका ग्रहाबरोबर चालला, तर तो ग्रहाचाच."

"म्हणजे सोबत निघाला तर सासरचा, मागे राहिला तर माहेरचा," आत्या म्हणाली. "कळलं. एवढं काय त्यात!"

अशी अकरा वर्षे गेली. शुक्राची कोर, मंगळाची पांढरी टोपी, गुरूचे पट्टे मी त्या दोघांना दाखवले. माझी खिडकी अरुंद होती, हे मी नाकारत नाही. माझ्यातून पाहायचे तर चष्मा काढून डोळा अगदी जवळ आणावा लागे. पण या जवळिकीचीच मला सवय झाली. त्याच्या पापणीचा स्पर्श झाला की मला वाटे, या जगात माझी एक जागा आहे.

गावात आकाश पाहणाऱ्यांचे एक मंडळ होते. माझा मालक सहा वर्षे तिथे जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसत असे. मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. एके दिवशी तेच स्वतःहून त्याच्याकडे आले. त्यांनी एक नवी, रुंद नेत्रिका घेतली होती. ती आणि मी, दोघींची तुलना याच गच्चीवरून करायची; आणि तिच्यावरचा लेख मंडळाच्या पत्रकात पहिल्या पानावर त्याने लिहायचा. त्या दिवशी त्याने गच्चीवरच्या खुर्च्या दोनदा पुसल्या. मला पुसायचे राहिले. पण मला वाटले, चष्मेवाल्याचे ऐकतो आहे.

सूर्य नुकताच मावळला होता. आकाश अजून निळसर होते आणि गुरू स्वच्छ दिसत होता. पहिली पाळी माझी होती. आत्याने चष्मा काढला आणि डोळा लावला.

"अरे, गुरूच्या गालावर तीळ आहे रे! काळा कुळकुळीत."

डॉक्टर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "आत्या, तीळ गुरूला नाही, नेत्रिकेला आहे. जुन्या मालात कचरा असायचाच. परवा एक जण दात किडला म्हणून घाबरून आला. निघाली पालेभाजी!"

"कचरा कसला? हात सोडून बघितलं मी. गुरू निघाला, तसा तोही त्याच्याबरोबर निघाला. तू बघ रे."

तो वाकला. त्याने नळीवरचा हात सोडला. गुरू हळूहळू सरकू लागला, आणि तो ठिपकाही त्याच्या अंगावरून तसूभर न ढळता त्याच्यासोबत सरकला. त्याने ते पाहिले. मित्रांनो, हे मी शपथेवर सांगू शकते, कारण त्या क्षणी त्याच्या डोळ्याच्या माझ्याइतके जवळ कोणीही नव्हते. त्याची पापणी माझ्या भिंगाशी थबकली होती.

"काय, धूळच ना?" डॉक्टरांनी विचारले.

तो ताठ उभा राहिला. "असेल," तो म्हणाला. "जुनीच आहे ती."

मग मला काढले. नवी नेत्रिका इतकी वजनदार होती की ती बसवताच नळीने मान टाकली. दुसऱ्या टोकाला विटेचा तुकडा बांधून तोल साधण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात तो ठिपका गुरूच्या कडेवरून निघून गेला होता. नव्या खिडकीतून गुरू निर्मळ दिसला.

"बघा आत्या, नेत्रिका बदलली, डाग गेला!" डॉक्टर म्हणाले.

आत्याने भाच्याकडे पाहिले. तो आधीच घट्ट असलेला एक स्क्रू घट्ट करत होता.

लेख त्याने लिहिला. त्याचे मुद्रितही त्याच्याच टेबलावर आले. 'जुन्या नेत्रिकेतून पाहताना धुळीमुळे ग्रहावर काळा डाग दिसतो' या वाक्यात त्याने एक स्वल्पविराम घातला आणि वाक्य पुढे जाऊ दिले. जन्मभर इतरांच्या चुका शोधणाऱ्या माणसाने ही एक चूक आपल्या हाताने नीटनेटकी करून छापायला पाठवली.

पुढच्या पत्रकात गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका शिक्षिकेचे पत्र आले. त्याच संध्याकाळी, त्याच वेळी, गुरूच्या एका चंद्राची सावली गुरूवरून जाताना तिने पाहिली होती. काळा, गोल, ठसठशीत ठिपका. त्याने ते पत्र उभ्याउभ्याच वाचले. पत्रकाची घडी घातली, खण उघडला आणि ती घडी माझ्या अंगावर ठेवली. नवी नेत्रिका दुर्बिणीवरच राहिली. तिचा मला राग नाही. तिने काहीच केलेले नाही.

आत्या गच्चीवर येईनाशी झाली. गुडघ्यांचे निमित्त सांगू लागली. परवा तो कात्रीसाठी माझा खण उघडून उभा होता, तेव्हा ती दारात आली.

"एक विचारू? माझ्याच डोळ्यात होतं का रे ते?"

"काय?"

"तो तीळ. नेत्रिकेतला असता तर जागीच राहिला असता. तूच शिकवलंस. मग डोळ्यातलाच असणार. ऑपरेशन झालेल्या डोळ्याचा काय भरवसा!"

पत्रक त्याच्या बोटापासून टीचभरही दूर नव्हते. मी वाट पाहिली. मला इतकी आशा पुन्हा कधी वाटेल असे नाही.

"असेल आत्या," तो म्हणाला. "वयाने होतं तसं."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "मग समोरच्या बाईंचे ब्लाउज न शिवताच परत देऊन येते. उगाच टाके वाकडे पडायचे."

तिच्या चपलांचा आवाज जिना उतरून गेला. त्याने कात्री न घेताच खण लावला.

मित्रांनो, मला कोणी बाहेर काढून चकचकीत करावे, असे मला आता वाटत नाही. माझ्यावरचा डाग मी सोसेन, पितळ सोसते. पण तुमच्या घरात कोणी 'माझंच चुकलं असेल' म्हणून आपले काम खाली ठेवत असेल, आणि ते चुकलेले नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तर लाजत उभे राहू नका. जिन्यात गाठा, आणि सांगा.