गोदाबाईच्या ठेल्यावरचा गुबगुबीत फॉन्ट

मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, मित्रांनो. तरीही सांगतो. मी एक जाडजूड, गोलमटोल फॉन्ट आहे. माझ्या एकाही अक्षराला टोक नाही. माझा 'ढ' तर इतका गुबगुबीत, की तो छापताना अमरावतीच्या गजेंद्रभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानातली शाई संपली आणि उरलेला 'ढ' अकोल्याहून छापून आणावा लागला!

गजेंद्रभाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. आइसक्रीमची गाडी, बाळाचं बारसं, लहान मुलांचे कपडे, अशा ठिकाणी मी शोभतो. कोर्टाच्या नोटिशीवर बसलो तर वकिलालाही हसू फुटेल. पण ज्याला कोपराच नाही तो काहीतरी लपवत असणार, असं लोकांना वाटतं. खरं सांगू? मलाही लोकांचा संशय येतो. माउस माझ्याकडे सरकला की वाटतं, आता हा मला दोन्ही बाजूंनी ओढणार. जागा भरायला अक्षरं ताणतात हो, रबरासारखी!

यंदा गोदाबाईंनी मला निवडलं. कौंडण्यपूरच्या जत्रेत त्यांचा गिल्या, म्हणजे दही-चटणीत भिजवलेल्या, वड्याचा ठेला असतो. त्यांची पत्र्याची पाटी गंजून गेली होती, म्हणून माझ्या अक्षरांत नवा फ्लेक्स छापायचा होता.

"दुरून दिसला पाह्यजे बाप्पा," त्या गजेंद्रभाऊंना म्हणाल्या. "अन् धंदा नाई झाला, तं भट्टीचे लाकडं झाकाले घेईन याले."

माझ्या अनुस्वारालाही घाम फुटला.

जत्रेत त्यांनी मला ठेल्याच्या तोंडावरच बांधलं. इतकं खाली, की मागं कढईपाशी बसलेल्या गोदाबाई कोणाला दिसेनात. दरसालचे गिऱ्हाईक नत्थुजी सून रागिणीला घेऊन आले आणि मला पाहून अलीकडेच थबकले.

"हे गोदाबाईचं नोय," ते म्हणाले. "तिची पाटी वाकडी होती."

"ठेला इकला असंन, मामाजी. तेल बी बदललं असंन."

"एवढी गोड पाटी कोन लावते? ज्याचा वडा शिळा हाय थो!"

हे ऐकून मागचे गिऱ्हाईकही परत फिरले. वडे थंड होऊ लागले. मला ती लाकडं दिसू लागली.

मग, मित्रांनो, मी छाती फुगवली आणि गोदाबाईंच्या आवाजात असा गरजलो, की वर्धा नदी क्षणभर उलटी वाहिली आणि तिकडे सेमाडोहच्या वाघानं कान झाकले! "काहून जी नत्थुजी, मेली काय मी? मुकाट्यानं बसा अन् वडा खा!"

"अरे, हे तं गोदाबाईच!" म्हणत नत्थुजी बसले, आणि त्यांच्यामागं गर्दी लोटली. म्हणून सांगतो मित्रांनो, अक्षरांना जपा, त्यांना ताणू नका. वेळ आली तर अक्षरच तुमच्यासाठी बोल...

"खोटं!" फ्लेक्सच्या मागून झारा आपटत गोदाबाई ओरडल्या. "बोंबलली मी, तुह्या खालून मुंडकं काढून! तू तं नुसता फडफडून राहिला होता." त्यांनी दोरी ओढली. "चाल, वर सरक. गिऱ्हाईकाले माहं तोंड दिसू दे."